मैलूर, जलसंगवी आणि जाळीचा झगा

बिदर शहराचा पसारा वाढत गेला आणि आजूबाजूची जी खेडी त्याने आपल्या कवेत घेतली त्यांपैकी मैलूर हे एक. आमच्या लहानपणी मैलूरला जायचे म्हणजे गावाबाहेर पडायचे. तांबड्या जांभ्या दगडाची जमीन, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यानंतर पायांना चिकटून घरापर्यंत येणारी लाल माती एवढीच त्याची आठवण. आता तेथे पक्की घरे झाली, दुकाने झाली, आणि शेजारच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची विमाने दिवसभर डोक्यावरून घोंगावत जातात. आमची थोरली बहीण, आमची अक्का, याच मैलूरात मुलाच्या घरी राहते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या निजामी मुलखातले मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे राज्य विभागले गेले तेव्हा बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. नातलगांचीही अशीच वाटणी झाली. अक्का बिदरला राहिली, आम्ही हैदराबादचे झालो. म्हणून वर्षातून एकदा तरी मैलूरची वारी आमच्याकडून चुकत नाही.

या खेपेला आम्ही आणि आमच्या सौ. तेथे पोहोचलो ते एका भांडणाच्या ऐन मध्यात. अक्काची नात नऊ वर्षांची. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला हंस व्हावयाचे होते. बाईंनी मोबाइलवर कुठल्याशा रशियन नर्तकीचे नृत्य दाखवले होते आणि तसाच पांढरा झगा आणावयास सांगितले होते. तिच्या आईने बाजारातून तो आणलाही होता. वर अंगासरशी चोळी, खाली कमरेपासून छत्रीसारखा पसरलेला, पांढऱ्या ताठ जाळीच्या थरांवर थर चढवलेला घागरा. तो गुडघ्यांच्या वरच थांबत होता. अक्काने चष्मा लावून तो उलटासुलटा पाहिला आणि आम्ही उंबऱ्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच म्हणाली, "बघ रे, काय आणलंय पोरीला! गुडघे उघडे की हिचे. नाचणारणीचा वेष हा." नात कोपऱ्यात मुसमुसत होती. सून स्वयंपाकघरात गप्प होती. संध्याकाळी आम्ही पाहिले तो अक्का ओसरीवर बसून त्या जाळीच्या खाली पांढऱ्या कापडाची वीतभर पट्टी टाचून जोडीत होती.

आम्ही काही बोललो नाही. का बोललो नाही ते पुढे सांगू.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंबरोबर आम्ही बिदरच्या बाजारात गेलो. चौकशी करता करता एक गंमत ध्यानात आली. लग्नाच्या घागऱ्यांच्या दुकानात दुकानदार अभिमानाने सांगत होता, "आत कॅनकॅन लावलंय, फुलून बसतं." कॅनकॅन म्हणजे घागऱ्याला फुगवटा आणणारी ताठ जाळी, असे त्याचे म्हणणे आणि त्याच्या धंद्यापुरते ते खरेच. पण कॅनकॅन हे मुळात एका नाचाचे नाव. १८३० च्या सुमारास पॅरिसच्या नाचघरांतून तो निघाला, आणि त्यात नाचणाऱ्या स्त्रिया झालरींचे घागरे उचलून पाय उंच फेकीत, म्हणून सभ्य लोक त्याच्या नावाने नाक मुरडीत. पुढे चपलांच्या दुकानात गेलो, तर मुलींच्या चपट्या बंद बुटांना तेथे 'बेली' म्हणत होते. हा शब्द 'बॅले'चाच अपभ्रंश असावा. ज्या नाचांना एके काळी पॅरिसमधील प्रतिष्ठित घरांत जागा नव्हती त्यांची नावे बिदरच्या बाजारात वऱ्हाडणींच्या खरेदीत बिनदिक्कत वावरत होती.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. घरातील कोंडलेली हवा मोकळी व्हावी म्हणून आम्ही गाडी ठरवली आणि सर्वांना घेऊन जलसंगवीला निघालो. हुमनाबाद तालुक्यातले हे लहानसे गाव मैलूरहून साधारण तासाभराच्या रस्त्यावर आहे. हुमनाबाद म्हटले की मराठी माणसाला आधी माणिकनगर आठवते. माणिकप्रभूंची मराठी, हिंदी, कानडी पदे आमच्या घरांतून अजून म्हटली जातात. जलसंगवी मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तेथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले शिवालय आहे. सहावा विक्रमादित्य १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता, त्या वैभवाच्या काळातले हे काम. मंदिर आकाराने फार मोठे नाही. पण त्याच्या बाहेरच्या भिंतींवर ज्या शिळाबालिका उभ्या आहेत त्यांच्यापुढे माणूस मुकाट होतो. उंच, सडपातळ, कमरेत मुरडलेल्या या मूर्ती पाहूनच पुढे बेलूरच्या मदनिका घडल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. त्यांतली एक हातात लेखणी घेऊन शिळेवर अक्षरे कोरते आहे आणि ती अक्षरे विक्रमादित्याच्या स्तुतीची आहेत. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला लिहिणारी बाई शोभेची वाटली, हे पाहून आमच्या सौ. बराच वेळ तिच्यासमोरून हलल्या नाहीत.

आम्ही पाहत होतो ते त्यांचे वस्त्र. वस्त्र आहे, पण इतके तलम की काठाच्या रेघेवरूनच ओळखावे. कमरेला जाड मेखला, तिच्यापासून मांड्यांवर रुळणाऱ्या साखळ्या, आणि पाय मोकळे. नाचणाऱ्या पायाची टाच, घोटा, गुडघ्याचा बाक, सारे पाहणाऱ्याला दिसले पाहिजे, नाहीतर नृत्य कळणार कसे? शिल्पकाराने वेष घडवला आहे तो या हिशेबाने.

आणि या वेषाला त्या काळी कोणी हलके मानीत होते असेही दिसत नाही. विक्रमादित्याची राणी चंदलदेवी स्वतः नृत्यनिपुण होती. शिलालेखांत तिला 'नृत्यविद्याधरी' म्हटले आहे. कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातली ती मुलगी, म्हणजे आपल्याकडचीच माहेरवाशीण. तिचा सावत्र म्हणा, सख्खा म्हणा, पण त्याच घरातला पुत्र तिसरा सोमेश्वर. त्याने कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाने वस्त्रे कोणती ल्यावीत याचे प्रकरण आहे आणि नृत्यविनोदाचेही आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्यातलीच. पुढे तेराव्या शतकात काकतीयांचा सेनापती जायप याने 'नृत्तरत्नावली' लिहिली. तीत सोमेश्वराची एक हकिकत येते. कल्याणच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषातले नृत्य राजाने पाहिले, ते त्याला आवडले, आणि त्यावरून 'गोंडली' नावाचा नवा नृत्यप्रकार दरबारात रूढ झाला. रानातल्या बाईचा वेष असा राजसभेत आला. ती भिल्लीण कोण, तिला पुढे काय मिळाले, याविषयी ग्रंथ काही सांगत नाही.

परतताना हळ्ळीखेडच्या सुमारास नातीने विचारले, "मामाआजोबा, तो झगा तसाच का असतो हो? गुडघ्यापर्यंतच का?" प्रश्न सरळ होता. घरी आल्यावर जेवणे झाली, ओसरीवर सतरंजी पडली, आणि आम्हाला जे वाचून ठाऊक होते ते आम्ही सांगितले. वाचकांनाही ते सांगावेसे वाटते.

बॅले हे मुळात राजदरबाराचे नृत्य. त्यात स्त्रिया जमिनीवर लोळणारे जड घागरे घालून नाचत, त्यामुळे पाय कधी दिसतच नसत. अठराव्या शतकात मारी कामार्गो नावाची एक नर्तकी पॅरिसच्या ऑपेरात होती. उडी मारून हवेतल्या हवेत पाय एकमेकांवर आपटण्यात तिचा हातखंडा. ते कसब दिसावे म्हणून तिने घागरा घोट्याच्या थोडा वर उचलला, असे सांगतात. चार बोटांचा तो फरक, पण त्यावरून चर्चा मोठी झाली. पुढे १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसला 'ला सिल्फीद' हे नृत्यनाट्य झाले. त्यात मारी ताल्योनी वायुकन्या झाली होती. ती पायांच्या अंगठ्यांवर उभी राहून नाचली, आणि तिच्या अंगावर पांढऱ्या झिरझिरीत कापडाचा, घंटेसारखा फुललेला, पोटरीपर्यंतचा झगा होता. जमिनीला जणू स्पर्शच न करणारी बाई दाखवावयाची, म्हणून वजन नसलेले कापड. हे कापड म्हणजे मलमलीच्याच जातीचे. ज्या तलम मलमलीचे वेड युरोपला आदल्या शतकात लागले ती आपल्या बंगालची. एव्हाना ती त्यांच्या यंत्रांवर निघू लागली होती. इंग्लंडात हीथकोट नावाच्या कारागिराने १८०८-०९ मध्ये जाळी विणण्याच्या यंत्राची सनद घेतली आणि पूर्वी हातांनी महिनोन्‌महिने विणावी लागणारी जाळी वारांनी मिळू लागली. ते यंत्र नसते तर नातीचा झगाही नसता.

शतकाच्या उत्तरार्धात नृत्य अधिक अवघड झाले. व्हर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली, तेव्हा लांब झगा घालून नाचण्यास तिने साफ नकार दिला. त्यांच्याच देशाच्या पिएरिना लेन्यानीने १८९५ मध्ये 'स्वान लेक'मध्ये एका पायावर ओळीने बत्तीस गिरक्या घेतल्या. असल्या गिरक्यांत गुडघा आणि मांडी दिसली नाही तर कसब वाया जाते. त्यामुळे झगा वर वर चढत गेला आणि शेवटी कमरेपासून आडवा, थाळीसारखा उभा राहिला. जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा मोठा, एकमेकांना सैल टाके घालून अडकवलेले. याला टुटू म्हणतात. हा शब्द फ्रेंच आया लहान मुलांच्या ढुंगणासाठी वापरतात त्या लाडक्या शब्दापासून आला, असे कोशकार सांगतात. हे ऐकून नात इतकी हसली की अक्कालाही हसू आवरेना. तीन दिवसांत ती दोघी एकत्र हसल्या त्या प्रथमच.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि पुढचा भाग आम्ही नात झोपल्यावर सांगितला.

त्या काळी रंगमंच गॅसच्या दिव्यांनी उजळत. जाळीचे कापड आणि उघडी ज्योत यांचे वैर उघडच होते. कपडे औषधात बुडवून अग्निरोधक करावेत, असा हुकूम फ्रान्समध्ये १८५९ मध्येच निघाला होता. पण औषधाने जाळी पिवळट आणि जड होई. एमा लिव्री ही ताल्योनीची लाडकी शिष्या. ताल्योनीने १८६० मध्ये तिच्यासाठी 'फुलपाखरू' नावाचे नृत्यनाट्य बसवले, त्यात फुलपाखराचे पंख मशालीवर होरपळतात असा प्रसंग होता. औषध लावलेला झगा घालण्यास एमाने नकार दिला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिच्या झग्याने दिव्याची ज्योत घेतली. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली, तेव्हा ती पुरती एकवीस वर्षांचीही नव्हती. तिच्या जळलेल्या कपड्यांचे उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

दुसरी मारी व्हान गोएतेम. बाप शिंपी, आई धोबीण. ऑपेरात नाच शिकणाऱ्या गरीब मुलींपैकी ही एक. ऑपेराचे श्रीमंत वर्गणीदार नर्तकींच्या दालनात मोकळेपणी येत-जात, आणि कोणत्या मुलीचा 'आश्रयदाता' कोण होणार ते तेथे ठरे. एदगार दगा या थोर चित्रकाराने मारीची मेणाची मूर्ती केली, तिला खऱ्या कापडाचा टुटू नेसवला आणि १८८१ मध्ये ती प्रदर्शनात मांडली. पाहणाऱ्यांनी तिच्या चेहऱ्याला माकडीण म्हटले, गुन्हेगार म्हटले. पुढच्याच वर्षी गैरहजेरीमुळे ऑपेराने मारीला काढून टाकले आणि नंतर तिचा माग लागत नाही. दगाच्या मृत्यूनंतर त्या मूर्तीच्या धातूच्या प्रती ओतल्या गेल्या आणि आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती चौदा वर्षांची मुलगी मान वर करून उभी आहे.

तोच झगा मात्र पुढे मोठ्या घरांत गेला. १९२४ मध्ये पॅरिसची प्रसिद्ध वेषरचनाकार कोको शनेल हिने बॅलेसाठी कपडे बेतले. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी क्रिस्तियाँ दिऑर याने मुठीत मावेल अशी कंबर आणि घेरदार घागरा असलेली पद्धत आणली. महायुद्धातल्या काटकसरीने कंटाळलेल्या स्त्रियांनी ती उचलून धरली, आणि तिच्यात बॅलेच्या झग्याची छाया जाणकारांना दिसते. १९५६ मध्ये पॅरिसच्या रेपेटो या बॅलेचे बूट करणाऱ्या कारखान्याने ब्रिजित बार्दो या नटीसाठी रस्त्यावर चालण्याजोगे चपटे बूट केले, त्यांचेच वंशज बिदरच्या 'बेली'. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका दूरदर्शन मालिकेची नायिका सुरुवातीला टुटू घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दिसू लागली आणि जाळीचे घागरे दुकानादुकानांत आले. तेथून फ्रॉकांच्या कारखान्यांत, आणि कारखान्यांतून मैलूरच्या ओसरीवर. या सगळ्या प्रवासात झगा सभ्य होत गेला. तो घालून नाचणाऱ्या मुलींना मात्र सभ्य म्हणावयास लोकांनी फार उशीर लावला.

हे फ्रेंचांचे झाले. आपले काय?

आपल्या लोकांचा नृत्याशी संबंध जुना आणि मोठा आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने दक्षिणेतील नृत्य वाढले. तंजावरच्या राजकन्येचे १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी लग्न झाले तेव्हा तिच्याबरोबर गौरा आणि कांतिमती या नर्तकी आपल्या साथीदारांसह बडोद्यास आल्या. पुढे याच दासी-नर्तकींच्या नृत्याला शिष्ट समाजाने वाईट ठरवले, आणि त्याला पुन्हा मान मिळाला तोही वळणावळणाने. टुटू घालून 'मरणोन्मुख हंस' नाचणारी आना पावलोव्हा १९२२ आणि १९२८ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेली. मुंबईत लैला सोखे, ज्या पुढे 'मेनका' म्हणून गाजल्या, त्यांना तिचे प्रोत्साहन मिळाले. मद्रासच्या रुक्मिणीदेवींनी तिच्याच मंडळीतल्या नर्तकीकडे बॅलेचे धडे घेतले, तर पावलोव्हाने त्यांना आपल्या देशाचे नृत्य शोधावयास सांगितले. रुक्मिणीदेवी भरतनाट्यम् शिकल्या आणि डिसेंबर १९३५ मध्ये अड्यारला नाचल्या. त्यांनी एका इटालियन शिवणकारिणीच्या मदतीने नवा शिवलेला वेष तयार केला. आज अरमंडीत बसताना गुडघ्यांमध्ये पंख्यासारख्या उलगडणाऱ्या चुण्यांचा जो वेष घरोघरच्या मुली घालतात तो याच वाटेने आला आहे.

मेनकांनी १९३८ मध्ये खंडाळ्यास नृत्यशाळा काढली. त्यांच्या मंडळीतली एक लहान मराठी मुलगी म्हणजे दमयंती जोशी. जन्म १९२८ चा. दहा वर्षांच्या आतबाहेर असतानाच ती युरोपात नाचून आली. पुढे लखनौ घराण्याच्या अच्छन, लच्छू आणि शंभू महाराजांकडे त्या कथक शिकल्या. कथकमध्ये घागरा किंवा मोगली अंगरखा असे. त्यात साडी नेसून नाचण्याची पद्धत दमयंतीबाईंनी आणली, असे मानतात. तवायफांचा म्हणून हिणवलेला नाच घरंदाज बाईच्या साडीत उभा राहिला. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००४ मध्ये त्या मुंबईस वारल्या.

आणि नऊवारी? कासोटा घातलेली नऊवारी ही शेतात राबणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या, पाटा-वरवंट्याला उकिडवे बसणाऱ्या बाईची. पाय मोकळे हवेत म्हणून ती तशी. तीच घट्ट चापूनचोपून नेसून, पायात चाळ बांधून तमाशातल्या बायका नाचल्या, आणि घरातल्या मुलींना 'तसली नेसू नकोस' म्हणून दटावले गेले. आता शिंपी तयार शिवलेली नऊवारी देतात. पेशवाई, मस्तानी अशी तिची नावे, आणि त्यांतच एक 'लावणी' नऊवारीही असते. साखरपुड्याला ती नेसून मुली हौसेने छायाचित्रे काढतात. ती नेसून आयुष्यभर फडावर उभ्या राहिलेल्या विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, पण अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या. आमच्या या मुलखात मैलारच्या खंडोबाला मुरळ्या वाहिल्या जात, यल्लम्माला जोगतिणी. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदे झाले. वेष आपण घेतला. गाणे घेतले. उंबऱ्याच्या आत ज्यांना घ्यावयाचे राहिले त्या या बायका.

इतके बोलून आम्ही थांबलो. अक्का पट्टी जोडलेला झगा मांडीवर घेऊन बसली होती. मग ती म्हणाली, "तुला आठवतं का रे, आमची शाळा?"

आम्हाला आठवत होते. वर्ष १९५८. अक्का अकरा वर्षांची, आम्ही सात वर्षांचे. शाळेच्या समारंभात तिला कोळ्यांच्या नाचासाठी निवडले होते. मैत्रिणीच्या घरून तिने चाळ आणले होते आणि मधल्या सुट्टीत शाळेमागच्या चिंचेखाली ती ते बांधून सराव करी. आम्ही ते पाहिले आणि मोठी बातमी असल्यासारखे घरी येऊन वडिलांच्या कानी घातले. वडील तापट नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी चाळ घेतले आणि परसातल्या विहिरीत टाकले. अक्काचे नाव नाचातून काढले गेले. मैत्रिणीचे चाळ परत देता आले नाहीत म्हणून तिने पुढे कितीतरी दिवस त्या मुलीकडे पाहिले नाही. पट्टी टाचताना पाहून आम्ही गप्प का राहिलो ते वाचकांना आता कळेल. आपल्या अक्काला उपदेश करण्याचा अधिकार आम्ही सातव्या वर्षीच गमावून बसलो होतो.

"अक्का," आम्ही म्हणालो, "मी सांगायला नको होतं."

"तू काय, पोर होतास," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "त्या देवळातली बाई बघितलीस? पाय कसा टाकलाय! तिला घरी कुणी बोललं नसेल." बोलले असेल की नाही, कोण सांगणार? पण आम्ही ते तिला बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघावयाच्या तयारीत होतो. ओसरीवर झगा पडला होता आणि खालची पट्टी उसवलेली होती. बाजूला टाक्यांच्या दोऱ्यांची बारीक पांढरी गुंडाळी. अक्काची अट मात्र होती, "पायात पांढरे लांब मोजे घालायचे, उघडे पाय नकोत." नात म्हणाली, "आजी, त्या बॅलेवाल्या घालतातच की!" अट आणि रीत अशी एकच निघाल्यामुळे घरात समेट झाला. नातीने लगेच झगा अंगावर चढवला आणि जुन्या फरशीवर गिरकी घेऊन दाखवली. तोल जाऊन ती दारावर आपटली. अक्का म्हणाली, "हळू. पाय नीट टाक आधी."

समारंभ झाला त्या दिवशी आम्ही हैदराबादेत होतो. रात्री अक्काचा दूरध्वनी आला. नाच कसा झाला विचारले, तर म्हणाली, चांगला झाला, पहिल्या रांगेत बसून पाहिला. मग सांगितले की पुढच्या वेळी येताना आबिद्सच्या बाजारातून एक जोडी चाळ घेऊन ये. नातीच्या मापाचे, की थोडे मोठे, हे आम्ही विचारले नाही. दोन्ही मापांचे घेऊन ठेवले आहेत.